साखळी कुणाच्या हातात होती?

तीन महिने ही पोस्ट लिहायची टाळत होतो. परवा एकाने माझ्या जुन्या पोस्टवर येऊन विचारलं, "सर, मोकाट कुत्र्यांवरचं तुमचं लिखाण जबरदस्त होतं. पुढचा भाग कधी?" तर हा पुढचा भाग. फक्त यात आरोपी मी आहे.

मोठी पोस्ट आहे. वेळ असेल तर वाचा. घरात कुत्रा असेल तर वेळ काढून वाचा.

आधी थोडं मागचं. ११ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने आदेश दिला, की दिल्ली आणि भोवतालच्या शहरांतली भटकी कुत्री उचला, निवाऱ्यात ठेवा, परत रस्त्यावर सोडू नका. देशभर दोन तट पडले. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तो आदेश बदलला. नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री मूळ जागी सोडा, फक्त रेबीज झालेली, रेबीजचा संशय असलेली आणि आक्रमक कुत्री सोडू नका, असं सांगितलं. विषय देशभरातल्या राज्यांपर्यंत नेला. त्या दोन आठवड्यांत मी या भिंतीवर चार पोस्टी टाकल्या. नगरपरिषद झोपलीय, निर्बीजीकरणाच्या पैशाचं काय झालं, रस्त्यावर पोळ्या टाकणाऱ्यांना जबाबदारी कळत नाही वगैरे. शेवटच्या पोस्टवर दोनशेच्या वर कमेंट होत्या. तालुक्याच्या वार्ताहराला दोनशे कमेंट म्हणजे काय, ते तुम्हाला नाही कळायचं. मी प्रत्येकाला उत्तर देत होतो.

२४ ऑगस्ट, रविवार. गणपतीच्या तीन दिवस आधी. सकाळी सव्वासहाला मी टायगरला घेऊन कॅनॉलच्या रस्त्याला निघालो.

टायगर म्हणजे लॅब्रॅडॉर आणि आणखी कशाचं तरी मिश्रण. वजन बत्तीस किलो. कारखान्यावरच्या एका अधिकाऱ्याचा होता. साहेबांची बदली झाली, सामान ट्रकमध्ये गेलं, कुत्रा राहिला. पोरगी रडली म्हणून मी घरी आणला. हे सांगताना मागच्या वर्षी मी स्वतःला फार मोठा प्राणीप्रेमी समजत होतो. प्रत्यक्षात त्याचा दिवस असा जायचा, की सकाळी वीस मिनिटं फिरणं, रात्री दहा मिनिटं आणि उरलेला सगळा वेळ गेटजवळ साखळीला. साखळी हार्डवेअरच्या दुकानातली. "म्हैस बांधली तरी तुटणार नाही" असं दुकानदाराने सांगितलेली.

आणि टायगर ओढायचा. गेट उघडलं की जी ओढ लागायची ती परत गेटमध्ये येईपर्यंत. पुढे तो, मान खाली, घशातून घर्र घर्र आवाज, मागे मी जवळजवळ पळत. उजवा खांदा वर्षभर दुखत होता. लोक हसायचे. मी पण हसायचो. वाटायचं, दांडगा आहे, जातीचा आहे, ओढणारच.

त्या सकाळी साखळी डाव्या हातात होती. उजव्या हातात फोन. एकाने कमेंटमध्ये लिहिलं होतं, की पाळणाऱ्यांनाही नियम हवेत. त्याला मी उत्तर टाइप करत होतो, "मूळ प्रश्नाला फाटे फोडू नका". वाक्य अजून तसंच आठवतंय, कारण ते पूर्ण झालं नाही.

पुलाजवळ उसातून मांजर निघालं. टायगरने झेप घेतली. साखळी हातातून सुटली, तळव्याची कातडी घेऊन गेली. समोरून बाई येत होत्या.

बाई म्हणजे आमच्या बाई. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला त्यांनी मला शिकवलंय. आता सत्तरीच्या पुढे आहेत. रोज सकाळी कॅनॉलला एकट्या चालतात, पायात कॅनव्हासचे बूट, हातात काठी नाही. टायगर त्यांच्या अंगावर गेला नाही. चावला नाही, भुंकलाही नाही. तो त्यांच्या बाजूने मांजरामागे गेला. पण त्याच्यामागे सहा फूट लोखंडी साखळी फरपटत होती, आणि ती बाईंच्या दोन्ही पायांना वळसा घालून गेली. बाई पुढे पडल्या. पडताना माणूस हात टेकतो, तसा त्यांनी उजवा हात टेकला.

मनगट मोडलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "चावलाय का? नख लागलंय का?" तसं काही नव्हतं. तरी कुत्र्याचं लसीकरण झालंय का, हे त्यांनी विचारलंच. मी घरी फोन करून कार्ड बघायला सांगितलं. रेबीजच्या लशीची तारीख उलटून दोन महिने झाले होते. चार पोस्टी लिहिल्या होत्या मी. चार.

प्लास्टर घालताना मी बाईंच्या शेजारी उभा होतो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "बाई, कुत्र्याने असं कधी केलं नव्हतं हो. मांजर दिसलं म्हणून…"

बाई म्हणाल्या, "अरे, कुत्र्याने कुठं पाडलं मला? साखळी कुणाच्या हातात होती?"

रागाने नाही. चौथीत गणित चुकलं की विचारायच्या, "हातचा कुठं गेला?" त्याच आवाजात.

आता पत्रकार म्हणून जे माहीत आहे ते सांगतो, कारण ते मला त्या दिवशीही माहीत होतं. पोलीस ठाण्याची बातमी करत मला अठरा वर्षं झाली. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आहे. आधी भारतीय दंड संहितेत हेच २८९ होतं. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि हाड मोडणं ही कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापतच. म्हणजे कलम माझ्या मापाचं शिवलेलं होतं. बाईंनी तक्रार केली नाही. त्यांच्या मुलाने पुण्याहून फोन करून मला जे सुनावलं ते मी ऐकून घेतलं. बिल मी भरलं, त्यात काही मोठेपणा नाही.

पण खरी गोष्ट पुढे आहे. मी बातमी दिली नाही. दुसऱ्या कुणाच्या कुत्र्यामुळे निवृत्त शिक्षिका जखमी झाली असती, तर मी दुपारी बारापर्यंत दोन कॉलमी बातमी आणि फोटो पाठवला असता. "कुत्र्याच्या धडकेत वृद्धा जखमी, नागरिकांत संताप". नागरिकांत संताप हे तर आम्ही न विचारताच लिहितो. त्या दिवशी मी कॅनॉलच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांची बातमी पाठवली.

गणपतीत बाईंच्या घरी गौरी बसतात. त्यांना एका हाताने पातेलंही उचलता येत नव्हतं. माझी बायको आणि पोरगी तीन दिवस तिकडे होत्या. मी घरी टायगरकडे बघत बसलो होतो. माझ्या डोक्यात दोनच विचार होते. एक म्हणजे याला कुणाला तरी देऊन टाकावा. दुसरा मी लिहिणार नाही, पण तुमच्यापैकी ज्यांनी कुत्रा पाळून सोडलाय त्यांना तो कळेल. आमच्याच गल्लीत दोन कुत्री आहेत ज्यांच्या मानेवर जुन्या पट्ट्याचा व्रण आहे. ती काही रस्त्यावर जन्मली नाहीत.

पोरगीने मध्येच विचारलं, "बाबा, टायगरला शिकवता नाही का येत?" मी म्हणालो, "मोठं कुत्रं आता काय शिकणार." ती म्हणाली, "तुम्ही शिकवलंय का कधी?"

तिने माझा बाईंइतकाच अभ्यास घेतला.

आमच्या भागात शोधलं तर सैन्यातून आलेला माणूस प्रत्येक वाडीत सापडतो. पलीकडच्या वाडीत एक निवृत्त हवालदार आहेत. गावात सगळे त्यांना मेजरच म्हणतात. सैन्यात कुत्री सांभाळणारी, शिकवणारी एक शाखा असते, रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअर. तिचं केंद्र मेरठला आहे. मेजर त्यातले. सोळा वर्षं कुत्र्यांबरोबर काढलेली. टायगरला गाडीत घालून त्यांच्याकडे नेलं. गाडीपासून त्यांच्या ओट्यापर्यंत पंचवीस पावलं असतील. टायगरने मला ओढत नेलं.

मेजर ओट्यावरून बघत होते. म्हणाले, "पत्रकार, कुत्र्याला तुम्ही ओढायला कवा शिकवलं?"

मी म्हटलं, "मी नाही शिकवलं, तो उपजतच ओढतो."

"आता गाडीतनं उतरल्यावर त्याला कुठं यायचं होतं? हितं, माझ्या ह्या कुत्रीपाशी. त्यानं ओढलं. तुम्ही पाय उचललं. आला की न्हाई हितं? मग ओढल्यावर मिळतंय हे त्याला कुणी सांगितलं?"

मी गप्प.

मेजरांनी मग जे समजावलं ते माझ्या शब्दांत सांगतो. कुत्र्याची सहज चाल आपल्या चालीपेक्षा जलद असते. चार पायांच्या जनावराला आपलं चालणं म्हणजे रांगणं. शिवाय त्याला पुढे वासांचा बाजार भरलेला दिसतो. त्यामुळे तो पुढे जाणारच, त्यात मस्ती नाही की हुकूम मोडणं नाही. तो पुढे जातो, दोरी ताणते, आपण मागोमाग जातो. प्रत्येक ताणलेलं पाऊल म्हणजे त्याला दिलेलं बक्षीस. दिवसाला दोन हजार पावलं धरली, तरी मी वर्षभर त्याला रोज दोन हजार वेळा सांगत होतो, "शाब्बास, असंच ओढ."

दुसरी गोष्ट मला अगदी लख्ख कळली, कारण ती शेतातली आहे. मेजर म्हणाले, "बैलाच्या मानंवर जू ठेवलं की तो काय करतो? रेटतो. जेवढा भार, तेवढा रेटतो. तुम्ही ह्याच्या गळ्यात साखळीचं जूच बांधलंय, आणि वर मागं खेचताय. तो रेटणारच." जनावराला एका बाजूने सतत ताण दिला की ते उलट्या बाजूने जोर लावतं. आपणही लावतो. धक्काबुक्कीत मागून ढकललं की पाय रोवतो, तसंच. म्हणजे मी जितका मागे खेचत होतो, तितका त्याला पुढे जायचा जोर पुरवत होतो.

मी विचारलं, काट्यांचा पट्टा मिळतो, तो घालू का? आवळणारी साखळी?

मेजरांनी टायगरच्या गळ्याखाली माझी बोटं धरून लावली. "ही श्वासनळी. तुमची दाबू का अशी?" तो घर्र घर्र आवाज मला वर्षभर दांडगाईचा वाटत होता. तो गुदमरण्याचा होता. नंतर वाचलं, की गळ्यातल्या पट्ट्याला जोर लावून ओढलं की कुत्र्याच्या डोळ्यातला दाबसुद्धा वाढतो, हे मोजून पाहिलं गेलंय. आणि आवळणाऱ्या पट्ट्यात आणखी एक घोळ आहे. समोर दुसरं कुत्रं किंवा लहान मूल दिसलं आणि त्याच क्षणी गळ्याला काटा टोचला, तर कुत्रा काय शिकेल? 'मी ओढलं म्हणून टोचलं' हे शिकेल, की 'हे पोर दिसलं की टोचतं' हे शिकेल? दुसरं शिकला, तर एक दिवस पोराच्या अंगावर जाईल. म्हणजे ओढणं थांबवायला गेलो आणि चावणं विकत घेतलं.

मग दोरीचा धडा सुरू झाला. हा भाग नीट वाचा, कामाचा आहे.

साखळी बंद. त्याजागी जाड सुती किंवा नायलॉनची पट्टीची दोरी, चार ते सहा फूट. बटण दाबलं की लांब होणारी जी दोरी शहरात मिळते ती नको, कारण तिला सतत थोडा ताण असतोच, आणि कुत्रा शिकतो की ताण दिला की दोरी वाढते. टायगरसारख्या जड कुत्र्याला गळ्याऐवजी अंगात घालायचा हार्नेस, तोही छातीवर समोर कडी असलेला. कडी पाठीवर असली तर तो गाडा ओढल्यासारखा सगळी ताकद लावतो. छातीवर असली तर ओढल्यावर त्याचं अंग आपल्याकडे वळतं, ताकद वाया जाते. पण मेजरांनी बजावलं, हार्नेस शिकवत नाही, फक्त शिकवताना हात मोडू देत नाही.

दोरीचा फास अंगठ्यात अडकवून मूठ मिटायची, दुसऱ्या हाताने दोरी धरायची. मनगटाला किंवा बोटांना वेटोळे द्यायचे नाहीत. झटका बसला तर बोट जातं.

आणि नियम एकच. दोरी ताणली की पाय थांबले. दोरी सैल झाली की पाय चालले. झटका द्यायचा नाही, ओरडायचं नाही, मागे खेचायचं नाही. खांब व्हायचं. कुत्रा थोड्या वेळाने वळून बघतो, 'काय झालं?' त्या बघण्यात दोरी सैल पडते. त्याच क्षणी "शाब्बास" म्हणायचं आणि चालायला लागायचं. तो आपल्या मांडीजवळ चालत असेल तेव्हा अधूनमधून तुकडा द्यायचा. आम्ही उकडलेल्या अंड्याचा देतो, कुणी भाकरीचा देईल. तुकडा पुढे हात करून नाही, आपल्या पँटच्या शिवणीपाशी द्यायचा. बक्षीस जिथे मिळतं, कुत्रा तिथे राहतो. फारच ओढत असेल तर वळून उलट्या दिशेला चालू लागायचं, न बोलता. आणि वास घेऊ द्यायचा. सैल दोरीने चालत झाडापर्यंत आला, की झाडाचा वास हेच बक्षीस. त्याच्यासाठी तो सकाळचा पेपर आहे. कोण आलं होतं, कधी आलं होतं, सगळं त्यात असतं. पेपर न वाचू देता माणसाला फिरायला नेलं तर माझ्यासारख्याचं काय होईल?

सुरुवात अंगणात, रोज दहा मिनिटं. तिथे जमलं की गेटबाहेर. तिथे जमलं की गल्लीत. बाजारात एकदम नाही.

ऐकायला सोपं आहे ना? पहिल्या दिवशी गेटपासून दूध डेअरीपर्यंतच्या तीनशे पावलांना आम्हाला पस्तीस मिनिटं लागली. गल्लीत मी दर दोन पावलांनी थांबलेला, टायगर दोरीच्या टोकाला, आणि दूध घालायला निघालेले लोक विचारतायत, "काय साहेब, गाडी बंद पडली का?" चौथ्या दिवशी तर तो आणखी वाईट वागला. उड्या मारल्या, दोरी चावली, भुंकला. मी मेजरांना फोन लावला, म्हटलं, उलटंच झालंय.

ते म्हणाले, "दुकानापुढं चॉकलेटसाठी रडणारं पोर बघितलंय न्हवं? आज मिळंना म्हटल्यावर आधी जास्त मोठ्यानं रडतंय. आता तुम्ही पाऊल उचललं की त्याला काय कळंल? जास्त ओढलं की मिळतंय. दम धरा."

आणि सगळ्यात महत्त्वाचं त्यांनी नंतर सांगितलं. दहातल्या नऊ वेळा थांबलात आणि एकदा घाईत ओढू दिलंत, तर फुकट. कारण कधीतरी मिळतं हे कळलेलं जनावर, नेहमी मिळणाऱ्यापेक्षा जास्त चिवट होतं. लॉटरीवाला जसा रोज तिकीट घेतो तसं. म्हणून घरात सगळ्यांचा नियम एक पाहिजे. आमच्या घरी नियम मोडणारा एकच निघाला. मी. बायको थांबायची, पोरगी थांबायची. मी नगरपरिषदेची सभा गाठायची म्हणून, फोन वाजला म्हणून, लोक बघतायत म्हणून चालत राहायचो. शेवटी पोरगीने फिरायला जाताना माझा फोन काढून घ्यायला सुरुवात केली.

तीन आठवड्यांनी डेअरीपर्यंत दहा मिनिटांत पोहोचलो. दीड महिन्याने कॅनॉल. अजूनही मांजर दिसलं की दोरी ताणते. पण आता ताणते आणि थांबते. वळून बघतो. खांदा दुखायचा बंद झालाय. टायगरचं घर्र घर्रही बंद झालंय. दिवसभराची साखळीही काढली, अंगणाला जाळी मारून घेतली. इथेही कायदा सांगतो, चार पोस्टींत मी तो एकदाही सांगितला नव्हता. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. त्याच्या कलम ११ प्रमाणे, कायम बांधून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने पुरेसं फिरवलं नाही तर तीही क्रूरता. पहिल्या गुन्ह्याला दंड किती, माहितीये? दहा ते पन्नास रुपये. पासष्ट वर्षांत चहाची किंमत वाढली, हा आकडा तिथेच आहे. दिवसभर बांधलेलं, कंटाळलेलं, ताकदीने भरलेलं जनावर वीस मिनिटांसाठी बाहेर काढलं की ते ओढणार नाही तर काय करणार.

आता सार्वजनिक प्रश्नाकडे येतो, कारण ही भिंत त्यासाठीच आहे.

७ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने आणखी आदेश दिलाय. शाळा-कॉलेजं, दवाखाने, क्रीडासंकुलं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली भटकी कुत्री हलवा, नसबंदीनंतरही परत तिथेच सोडू नका. यावर आपल्या गावात पुन्हा दोन तट पडतील. पडू द्या. २०२३ चे प्राणी जन्मनियंत्रण नियम आहेत, त्याप्रमाणे नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. ती पार पडते की नाही हे मी विचारत राहणार. माझी आधीची एकही मागणी मी मागे घेत नाही.

पण एक शब्द मला परत तपासावासा वाटला. मोकाट. आम्ही बातमीत सर्रास लिहितो, मोकाट कुत्री, मोकाट जनावरं. मोकाट म्हणजे ज्याला आवर नाही. २४ ऑगस्टला सकाळी साडेसहाला कॅनॉलच्या रस्त्यावर टायगरला मालक होता, नाव होतं, गळ्यात पट्टा होता, पट्ट्याला सहा फूट साखळी होती. आणि त्या सकाळी या गावात त्याच्याइतका मोकाट कुत्रा दुसरा नव्हता. त्याच रस्त्यावर पुलाखाली झोपणारी तीन बेवारशी कुत्री आहेत. ती त्या दिवशी मान वर करून फक्त बघत होती.

आपल्या गावात सकाळी गेट उघडून कुत्रा "जाऊन ये" म्हणून सोडणारी किती घरं आहेत, ते आपण सगळे जाणतो. तो कुणाच्या दारात बसून येतो तेही जाणतो. शेजारी बोलला की "आमचा काही करत नाही हो" हे ठरलेलं उत्तर. माझाही काही करत नव्हता. त्याने काही केलंही नाही. मनगट मात्र मोडलं.

आणि ओढलं की मिळतं, हे फक्त कुत्र्यालाच कळलेलं नाही. रांग मोडून पुढे घुसणाऱ्याला कळलंय, साहेबाच्या टेबलावर ओरडणाऱ्याला कळलंय, आणि खोटं कशाला बोलू, चौथी पोस्ट तिसरीपेक्षा जास्त चढ्या आवाजात लिहिणाऱ्या मलाही कळलं होतं. जास्त ओढलं, जास्त लाइक मिळाले. कुणीही थांबला नाही, मला कुणी थांबवलं नाही. बाई सोडून.

नवीन कुत्रा घेणाऱ्यांना, किंवा ओढणारा कुत्रा आधीच घरात असणाऱ्यांना एवढंच सांगतो. दोरी घेताना ती किती मजबूत आहे हे दुकानदाराला विचारू नका. ती सैल ठेवून चालायला किती दिवस लागतील हे स्वतःला विचारा. तेवढे दिवस नसतील तर कुत्रा घेऊ नका. लशीच्या कार्डावरची तारीख आजच बघा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या किंवा लहान पोराच्या हातात ओढणाऱ्या कुत्र्याची दोरी देऊ नका. आणि दोरी हातात असेल तेव्हा फोन घरी ठेवा. फोन ओढतो, आणि त्यामागे आपण किती पावलं जातो ते कळतही नाही.

बाईंचं प्लास्टर दसऱ्यानंतर तीन दिवसांनी निघालं. मनगट अजून पूर्ण वळत नाही. रोज कोमट पाण्यात हात हलवतात, मऊ चेंडू दाबतात. पोळी लाटताना दुखतं म्हणाल्या. ते दुखणं या पोस्टने कमी होणार नाही, हे मला माहीत आहे. ही पोस्ट टाकण्याआधी मी त्यांना वाचून दाखवली. दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकलं होतं, ते त्यांनी सुधारलं. म्हणाल्या, "नाव घालू नकोस माझं. पण तुझं घाल."

घातलंय. वरच आहे.

गेल्या आठवड्यापासून त्या परत कॅनॉलला चालायला लागल्यात. पहिल्या दिवशी मी टायगरला घेऊन रस्ता ओलांडून पलीकडे उभा राहिलो, त्यांना जाऊ दिलं. त्या थांबल्या. टायगर बसला. दोरी सैल.

बाईंनी आधी दोरीकडे बघितलं, मग माझ्या दुसऱ्या हाताकडे.

"फोन कुठाय?"

"घरी ठेवलाय, बाई."

"हं," म्हणाल्या आणि चालायला लागल्या.